मुंग्या

आमच्या केबलच्या कंट्रोल रूमला दार नव्हतं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचा माळा, तिथं आजी पूर्वी शेणी आणि सांडग्या-पापडांचे डबे ठेवायची. 1992 च्या दिवाळीनंतर आप्पांनी डबे खाली आणले आणि त्या जागी सुताराकडून एक रॅक ठोकून घेतला. रॅकवर दोन व्हीसीआर, चार रिसीव्हर, वाहिन्या वायरीवर चढवणाऱ्या मॉड्युलेटरची चळत आणि एक चौदा इंची टीव्ही. वर पत्र्यावर दोन डिश. जिन्याच्या तोंडाला गोणपाटाचा पडदा, तोही उन्हापुरता. कुणाचं कनेक्शन बंद पडलं, कुणाचे पैसे द्यायचे राहिले, की माणूस सरळ जिना चढून वर यायचं. "आप्पा, आमच्याकडं मुंग्या याय लागल्यात," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकत मोठी झाले. मुंग्या म्हणजे सिग्नल गेला की टीव्हीवर दिसणारे काळेपांढरे ठिपके.

रात्री नऊला आमच्या केबलवर पिक्चर लागायचा. कॅसेट दुपारीच यायची. ती दाखवायचा हक्क कुणाचा, हे तेव्हा पेठेत कुणी विचारत नव्हतं. जेवण झालं की आप्पा वर जाऊन ती अख्खी बघायचे, हातात शंभरपानी वही घेऊन. व्हीसीआरला चार आकडी काउंटर असायचा. वहीत पिक्चरचं नाव, तारीख आणि खाली आकडे: "1842 ते 1850 काढणे. 2610 ते 2618 काढणे."

रात्री माझी ड्यूटी सुरू व्हायची. मी अकरा वर्षांची होते. टीव्हीकडं पाठ करून, तोंड काउंटरकडं ठेवून बसायचं आणि आकडा जवळ आला की सांगायचं. "आप्पा, अठराशे चाळीस!" आप्पा मॉड्युलेटरच्या मागं हात घालून जॅक ढिला करायचे. त्या क्षणी तीनशे घरांत मुंग्या. खालच्या गल्लीतून पोरांचा "ओऽऽ" असा एकच ओरडा यायचा. काउंटर पन्नासवर आला की मी "झालं" म्हणायचे आणि जॅक परत घट्ट व्हायचा. पडद्यावर काय होतं ते मला कधी दिसलं नाही, मला फक्त आकडे दिसले.

आप्पांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी कुठं वाचलेला नव्हता. प्रत्येक घरात वायर टाकायला ते स्वतः गेलेले. कुणाकडं किती खोल्या, टीव्ही कुठल्या भिंतीला, जेवायला कोण कुठं बसतं, हे त्यांना माहीत होतं. एका खोलीच्या घरात सासरा, सून आणि नात एकाच चटईवर बसून बघतायत; त्यातल्या कुणाला मान खाली घालावी लागेल असं दाखवायचं नाही. बास.

आजीला मात्र तो नियम पटायचा नाही. एकदा ती जिन्यावरच बसून पिक्चर बघत होती. नवरा बायकोचे केस धरून तिला उंबऱ्याबाहेर ओढत नेतो, असं काहीतरी चाललेलं. पुढं लगेच काढायचे आकडे होते, मी ओरडले, आप्पांनी जॅक ढिला केला. आजी म्हणाली, "बाईला केस धरून ओढली ते चालतंय व्हय रं तुला? आन् मुका घेतला की वायर उपसायची?"

आप्पा काही बोलले नाहीत. पण ती वही माझ्याकडं आहे आणि पुढच्या आठवड्यातल्या एका पानावर तिरक्या अक्षरात एक जादा ओळ आहे: "मारहाण, 3105 ते 3122 काढणे." अशी ओळ पूर्ण वहीत तेवढीच.

कोल्हापूरला कात्री काही केबलबरोबर कळली नाही. 1918 साली इंग्रज सरकारनं सिनेमाचा कायदा केला, 1920 मध्ये मुंबईत सेन्सॉर बोर्ड बसलं, आणि त्याच वर्षी आमच्या गावच्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यातला भीमानं केलेला कीचकाचा वध इतका खरा वाटला की प्रेक्षक किंचाळले आणि ते दृश्य काढावं लागलं. आजीनं ते कधी बघितलेलं नव्हतं, पण तिचा प्रश्न आणि ती कात्री एकाच बाजूच्या होत्या. मराठी माणसाच्या सिनेमात सुरुवातीलाच जे काढलं गेलं ते रक्त होतं. मुक्यावर नजर पुढं कधी गेली आणि रक्त कधी चालायला लागलं, याचा कुणीतरी नीट शोध घ्यायला हवा.

केबल यायच्या आधी आमच्याकडं दूरदर्शन होतं. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 ला सुरू झालेलं, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला आलेलं. तिथं आप्पांसारख्या माणसाची गरजच नव्हती, कात्री वरूनच चालून आलेली असायची. आकाशवाणीसाठी केलेली संहिता दूरदर्शनलाही लागू होती. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्मावर किंवा जमातीवर हल्ला नको, अश्लील आणि बदनामीकारक काही नको, हिंसेला चिथावणी नको, राष्ट्रपती आणि न्यायव्यवस्थेवर शिंतोडे नकोत, राजकीय पक्षाचं नाव घेऊन टीका नको, केंद्रावर किंवा राज्यावर वैरभावानं टीका नको. ही यादी मी पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचली, तेव्हा सुरुवातीच्या ओळींना मान डोलावली आणि शेवटच्या ओळींशी थांबले. घरातल्या पोराबाळांची काळजी आणि सरकारची स्वतःची काळजी एकाच यादीत बसवली, की पोराबाळांच्या नावावर बरंच काही काढता येतं. भोपाळच्या वायुदुर्घटनेवरच्या माहितीपटाला सुवर्णकमळ मिळालं होतं, तरी दूरदर्शननं तो दाखवायला नकार दिला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1992 मध्ये न्यायालयानं निर्मात्यांच्या बाजूनं निकाल दिला.

आणि तरीही दूरदर्शनच्याच एका गोष्टीनं मला आप्पांची दुपार समजली. 1988 च्या जानेवारीत फाळणीवरची 'तमस' ही मालिका लागली होती. दंगल भडकेल म्हणून कुणीतरी मुंबई उच्च न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली. अपील न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर यांच्यासमोर आलं. त्यांनी आधी पूर्ण मालिका बघितली. मग स्थगिती उठवली, आणि पुढं सर्वोच्च न्यायालयानंही प्रक्षेपण थांबवायला नकार दिला. दोन न्यायाधीश एका खोलीत बसून सगळे भाग सलग बघतायत, हे चित्र मला फार आवडतं. काढायचं की ठेवायचं ते नंतर. आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं. आप्पांच्या कापण्यात दोष होते, पण न बघता त्यांनी कधी एक सेकंदही काढला नाही.

केबल आली ती कायद्याच्या आधीच. 1991 मध्ये आखाती युद्ध लोकांनी डिशवर बघितलं, त्याच वर्षी स्टार आलं, 2 ऑक्टोबर 1992 ला झी. सरकार जागं झालं ते 1994 च्या सप्टेंबरात. आधी अध्यादेश, मग 1995 चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा. त्याच्या उद्देशपत्रिकेतच लिहिलंय की परदेशी वाहिन्या म्हणजे 'सांस्कृतिक आक्रमण' आहे असं अनेकांना वाटतं. आप्पा मुख्य पोस्टात जाऊन नोंदणी करून आले, कारण केबलवाल्याची नोंदणी तेव्हा पोस्टात व्हायची. प्रमाणपत्र काच लावून व्हीसीआरच्या वर टांगलं. कायद्याची कार्यक्रम संहिता मोडली तर पहिल्या गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1000 रुपये दंड किंवा दोन्ही. तुरुंगाची ही तरतूद 2023 मध्ये रद्द झाली. तोवर आप्पांचं धंद्यातलं सगळं आयुष्य तिच्याखालीच गेलं.

या कायद्याच्या नियमांतला नियम 6 म्हणजे ही कार्यक्रम संहिता. सुरुवातच अभिरुची आणि सभ्यता यांनी होते. पुढं अंधश्रद्धा पसरवणारं नको, स्त्रीची अप्रतिष्ठा करणारं नको, मुलांची अप्रतिष्ठा करणारं नको, आणि ज्या वेळी सगळ्यात जास्त मुलं टीव्ही बघत असतात त्या वेळी त्यांना न शोभणारं काही नको. वाचायला एकेक ओळ बरोबर आहे. मी यातली एकही ओळ खोडणार नाही. पण अंधश्रद्धेचं कलम पहिल्यापासून तिथं असताना संकटनिवारक यंत्रं टीव्हीवर वर्षानुवर्षं विकली गेली. ती जाहिरातबाजी बेकायदा आहे हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जानेवारी 2021 मध्ये सांगावं लागलं, आणि तेही राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या आधारानं. सभ्यतेच्या कलमाला मात्र कधी गंज चढला नाही.

अमेरिकेत हे सगळं उलटं आहे. 1973 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रानं भर दुपारी जॉर्ज कार्लिन या विनोदी कलाकाराचं भाषण लावलं, रेडिओवर कुठले शब्द बोलता येत नाहीत याबद्दलचं. एका बापानं ते गाडीत, शेजारी लहान मुलगा बसलेला असताना ऐकलं आणि तक्रार केली. 1978 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की हवेतून येणाऱ्या प्रसारणावर सरकार अशी बंधनं घालू शकतं, कारण ते न बोलावता घरात शिरतं आणि मुलांच्या सहज हाती लागतं. म्हणून तिथं असभ्य वाटेल ते रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेतच. केबलला मात्र हे बंधन नाही. केबल तुम्ही पैसे देऊन घरात घेता, नको असेल तर घेऊ नका. हवेतून येतो तो आगंतुक आणि वायरीतून येतो तो आमंत्रित पाहुणा, असा तो हिशेब.

हा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या पावती पुस्तकाची आठवण झाली. तीनशे कनेक्शनं, आणि जवळजवळ प्रत्येक पावतीवर घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव. पाहुण्याला बोलावणारा एक आणि त्याच्यासमोर बसणारे आठ. सुनेला कुणी विचारलं होतं? आजीला? आमच्याकडं रिमोट आला तेव्हा तो आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. एकेका माणसाचा वेगळा टीव्ही, वेगळी खोली असेल तिथं 'आवडलं नाही तर बदला' हे वाक्य पूर्ण होतं. एका चटईवरच्या घरात ज्याच्या हातात रिमोट त्याच्यापुरतंच ते खरं. म्हणून केबलला मोकळं सोडा, लोक निवडतील, असं मी कधी छातीठोकपणे म्हणू शकले नाही. आणि लोकांच्या वतीनं आम्हीच काढतो, असं म्हणणाऱ्यांवरही माझा विश्वास बसला नाही. दोन्हीकडं त्या चटईवरची बाई मोजलेली नसते.

आता मला 2002 सालातलं सांगायचंय.

तोवर पेठेतले अँटेने लोकांनी कधीच उतरवून भंगारात घातले होते. याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल दिला होता की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेलं प्रकरण होतं ते. पण पत्र्यावर अँटेना नसेल तर त्या सार्वजनिक लहरी माणसापर्यंत पोचणार कशा? त्या आमच्या माळ्यावरून, आमच्या वायरीतून जायच्या. कायद्याला हे ठाऊक होतं. कलम 8 प्रमाणे दूरदर्शन दाखवणं केबलवाल्याला सक्तीचं, तेही काहीही न गाळता, न बदलता. आणि 2000 च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट घातली: दूरदर्शन प्राइम बँडलाच, म्हणजे कुठल्याही टीव्हीवर नीट दिसेल अशा खालच्या जागीच ठेवायचं. जुन्या टीव्हींना वरचे बँड नीट पकडता यायचे नाहीत, आणि पैसे देणाऱ्या वाहिन्यांना चांगली जागा मिळावी म्हणून दूरदर्शनला वर ढकलायची खोड केबलच्या धंद्यात होती. वर ढकललं की जुन्या टीव्हीवर मुंग्याच.

2002 मध्येच दूरदर्शनवर 'जासूस विजय' नावाची हिंदी मालिका सुरू झाली. आदिल हुसेन त्यात हेर होते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, दूरदर्शन आणि बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्ट यांनी मिळून काढलेली. खुनाचा शोध, गावातली गुपितं आणि त्यातून एचआयव्हीबद्दलची माहिती. महाराष्ट्र तेव्हा देशातल्या जास्त प्रादुर्भाव असलेल्या 6 राज्यांत होता. लोक गोष्टीसाठी बघायचे आणि माहिती कानावर पडायची. त्यात निरोध हा शब्द सरळ यायचा.

एका संध्याकाळी पेठेतले चौघे जण जिना चढून आले. सगळे आमचे, रोजच्या उठबशीतले. एक जण म्हणाला, "आप्पा, पोरीबाळी बसल्याल्या असतात घरात. हे काय लावलंय निरोध निरोध? बंद करा की."

आप्पा म्हणाले, "सरकारी हाय ते. हात लावता येत न्हाई."

"कापू नका तर. वर ढकला नुसतं. कुणाला कळतंय?"

आप्पांनी ढकललं. मी तेव्हा एकवीस वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. कलम 8 मला माहीत होतं, मीच त्यांना ते मराठीतून वाचून दाखवलं होतं. मॉड्युलेटरचा चॅनल बदलताना मी तिथंच उभी होते, लहानपणी काउंटर वाचायला उभी असायचे तशीच. मी काही बोलले नाही. माझ्या मनात आलं, दोन-चार भाग गेले तर काय बिघडणार आहे. दोन भाग तसे गेले.

मग कोपऱ्यावरच्या काकू वर आल्या. त्यांना आमच्या जिन्यावर मी त्याआधी कधी बघितलेलं नव्हतं. त्यांचे मालक ट्रकवर होते, मार्केट यार्डातून गूळ भरून गुजरातला जायचे. आदल्या वर्षी ते वारले. टीबी झाला होता, असं पेठेत सांगायचे आणि सगळे ते मान्य करायचे. काकू घरात बसून साड्यांना फॉल-पिको करायच्या. त्या दिवशी त्या पदरात बांधून महिन्याचे पैसे घेऊन आल्या होत्या. महिना संपायला अजून आठवडा होता.

पैसे रॅकच्या कडेला ठेवून त्या म्हणाल्या, "आप्पा, माझ्या टीव्हीवर डीडीला मुंग्या येतात. बाकी सगळं लागतंय."

आप्पा हातातल्या वायरीला कनेक्टर लावत होते. म्हणाले, "बघतो वैनी. टीव्ही जुना हाय तुमचा."

काकू गेल्या नाहीत. खाली बघत, अगदी हळू म्हणाल्या, "त्या हेर माणसाचं पुढं काय हुतंय ते बघायचं हुतं. त्यो सांगत हुता, रक्त तपासून घ्यावं म्हणून. कुठं जायचं ते सांगणार हुता पुढच्या वक्ताला."

आप्पांच्या हातातली पक्कड तशीच राहिली. मला वायरीचं तांबं दिसत होतं, सोललेलं, त्यांच्या अंगठ्याखाली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आप्पा म्हणाले, "आज रात्रीत लावतो. उद्यापासनं दिसंल."

त्या रात्री त्यांनी दूरदर्शन जुन्या जागेवर आणलं आणि मला खाली पाठवून आठ-दहा घरांत ते दिसतंय का बघून यायला लावलं. चौघे जण परत आले तेव्हा आप्पांनी त्यांना सांगितलं की पोस्टातून कागद आलाय, ढकललं तर सगळी मशिनरी जप्त होईल. कागद आलेला नव्हता. जप्तीचं कलम मात्र कायद्यात होतं, आणि त्यांनी ते पुढं केलं. नंतर एके दिवशी माझी आई काकूंबरोबर सरकारी दवाखान्यात गेली. तपासणीत काय निघालं ते मी इथं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. आज त्या पासष्टीच्या आहेत, आणि माझ्या साड्यांना फॉल त्यांच्याच हातचा लागतो.

डिसेंबर 2017 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना कळवलं की कंडोमच्या जाहिराती सकाळी 6 ते रात्री 10 दाखवू नयेत, मुलांच्या दृष्टीनं त्या अयोग्य आहेत. मी बातमी वाचली आणि मला प्रचंड राग आला. त्यातल्या काही जाहिराती भडक होत्या, हे मला मान्य आहे. एखादी जाहिरात भडक असेल तर ती बघा, ती काढा. पण दिवसाच्या सोळा तासांतून तो विषयच उचलून न्यायचा? दहाला आमच्या पेठेतल्या बायका दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून, दार लावून झोपलेल्या असतात. ज्या बाईला तो शब्द ऐकायला हवा तिच्या घरातला टीव्ही तिच्यासाठी रात्री दहानंतर कधीच चालू नसतो.

असं नाही की वर ठरवणारे सगळे चुकलेच. प्राध्यापिका प्रतिभा नैथानी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि न्यायालयानं बजावलं की केबलवर फक्त 'यू' आणि 'यूए' प्रमाणपत्राचे चित्रपट दाखवायचे. ऑगस्ट 2006 मध्ये मुंबईत सिनेमाच्या वाहिन्या काही दिवस बंद पडल्या होत्या. आप्पांना तो निकाल पटला होता. "प्रौढांसाठी असं लिहिल्यालं थेटरात दारावर माणूस उभा करून अडवता, मग माझ्या वायरीला दार कुठं हाय?" असं ते म्हणाले होते, आणि मला त्यात चूक दिसत नाही. 2023 च्या दुरुस्तीनं 'यूए'चे 7, 13 आणि 16 वर्षं असे भाग केले. ज्या आईला नातवंडं सांभाळत सगळं एकाच पडद्यावर बघायचंय तिला हे उपयोगी आहे.

मला खटकतं ते वेगळंच आहे. ज्या कायद्याखाली 2007 मध्ये एएक्सएन आणि एफटीव्ही या मनोरंजन वाहिन्यांवर दोन दोन महिन्यांची बंदी आली, त्याच कायद्याखाली 2016 मध्ये एनडीटीव्ही इंडिया ही वृत्तवाहिनी एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला. चहूबाजूंनी विरोध झाल्यावर तो थांबवला गेला. आप्पांचा जॅक एकच होता, मुक्यालाही तोच आणि मारहाणीलाही तोच. सरकारच्या हातातला जॅकही एकच आहे, आणि त्यातून बातमीही बंद होते. फरक इतकाच की आमचा जिना सगळ्यांना ठाऊक होता.

कागदावर तसा जिना आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची केबल देखरेख समिती असावी, त्यात पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी, एखाद्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या, बालकांसाठी आणि महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, एखादे मानसशास्त्राचे किंवा समाजशास्त्राचे जाणकार असावेत, असा केंद्राचा आदेश आहे. इतकी चांगली रचना मी दुसरीकडं बघितलेली नाही. मी पेठेत, तालमीत, आमच्या भिशीच्या बायकांत विचारलं. ती असते हे कुणाच्या कानावर नव्हतं. मला वाटतं, वर्षातून दोनदा तिनं एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये बसावं, तक्रार आलेला कार्यक्रम सगळ्यांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत लावावा, आणि मग बायकांना आधी बोलू द्यावं. काकूंसारखी एखादी तिथंही हळूच उठून सांगेल की हे काढू नका, याचं पुढं काय होतं ते मला बघायचंय.

वाहिन्यांची स्वतःची व्यवस्थाही आहे. मनोरंजन वाहिन्यांसाठी 2011 मध्ये तक्रार परिषद झाली, मूळचे सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा तिचे पहिले अध्यक्ष होते. प्रौढांसाठीचं रात्री 11 ते पहाटे 5. पडद्याच्या तळाशी तक्रारीच्या पत्त्याची पट्टी सरकत जाते, ती तुम्ही बघितली असेल. माझी आई चष्मा शोधेपर्यंत ती गेलेली असते.

2011 च्या दुरुस्तीनंतर हळूहळू सगळं डिजिटल झालं. घराघरांत सेट टॉप बॉक्स आले. सिग्नल आता मोठ्या कंपनीकडून फायबरनं येतो, आमच्या माळ्यावर काही चढत नाही, काही उतरत नाही. मुंग्याही येत नाहीत. चित्र एकतर स्वच्छ दिसतं, नाहीतर अडकतं, चौकोन चौकोन होऊन. आप्पांकडं वायर दुरुस्ती आणि वसुली एवढंच राहिलं, तेही त्यांनी सत्तरीला सोडलं. भाच्याच्या हातात फोन असतो, आणि तो काय बघतो ते कुठल्याच माळ्यावरून दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात माळा गळायला लागला म्हणून रॅक हलवला. मागं पावती पुस्तकांचे गठ्ठे होते, कडा उधईनं खाल्लेले. मी 2002 आणि 2003 ची काढून चाळली. कनेक्शन नंबर 112, कोपऱ्यावरचं घर. मालक वारल्यावर वर्षभर पावती त्यांच्याच नावानं फाटत होती, कुणी लक्ष दिलेलं नव्हतं. एका महिन्यात ते नाव आडवी रेघ मारून खोडलंय आणि वर आप्पांच्या अक्षरात काकूंचं पूर्ण नाव आहे, 'श्रीमती' लावून. पावतीवरची तारीख बघितली. महिना संपायला आठवडा होता.